कायदा भिंतीपाशी थांबतो

निफाड-दिंडोरीच्या बागेतलं द्राक्ष युरोपला निघण्याआधी त्याची जितकी तपासणी होते, तितकी ते पिकवणाऱ्या मजुराची आयुष्यभरात होत नाही. आधी बागेची नोंदणी, मग फवारणीची वही. काढणीआधी कोणतं औषध किती दिवस बंद ठेवायचं याचं कोष्टक. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो, त्यात शेकडो रसायनांचे अंश शोधले जातात आणि अहवाल स्वच्छ आला तरच कंटेनर हलतो. ‘अपेडा’ची ग्रेपनेट ही व्यवस्था 2006पासून हे काम करते आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडून भारतीय द्राक्षं युरोपच्या बंदरांत अडकली, तेव्हापासून तर पिंपळगाव बसवंतच्या चहाच्या टपरीवरही ‘पीपीएम’ची भाषा ऐकू येते.

हा सगळा काटेकोरपणा खाणाऱ्यासाठी आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्याच वेलीवर तीच औषधं मारणाऱ्याच्या रक्तात काय उतरलं, हे कोण पाहतं? कायद्यात तशी सोयच नसेल असं कुणालाही वाटेल. सोय आहे. कीटकनाशक नियम, 1971 मधला 37वा नियम सांगतो की, कीटकनाशकं बनवणाऱ्या आणि फवारणीच्या कामावर लावलेल्या माणसांची कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी व्हावी, नंतरही ठरावीक काळाने होत राहावी. आणि ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातल्या औषधांच्या बाबतीत रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकरही मोजावं. नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. कोलिनेस्टरेज मोजून घेणारा फवारणी मजूर मला अजून भेटायचा आहे.

कायदा आहे, चांगला आहे, पण ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत तो पोचत नाही, हे या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक लेखाच्या तळाशी आहे. त्यावर ‘अंमलबजावणीचा अभाव’ हे नेहमीचं उत्तर दिलं की आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. माझं म्हणणं असं, की घातक रसायनांपासून कामगाराला वाचवणारा आपला कायदा मुळातच कारखान्याच्या भिंतीला धरून वाढला. किती माणसं कामाला आहेत, वीज वापरतात का, जागेला परवाना आहे का, हे तो आधी विचारतो. माणूस श्वासातून काय घेतो आणि त्याच्या कातडीवर काय पडतं, हे नंतर. त्यामुळे भिंतीच्या आत तो बराच शहाणा आहे आणि बाहेर पडला की चाचपडतो. नाशिक जिल्ह्यात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसरीकडे दिसेल, कारण इथे सातपूर-अंबडचे कारखाने आणि निफाडच्या बागा एकाच तासाभराच्या अंतरात आहेत.

नव्या वाचकासाठी थोडं मागे जायला हवं. कामावरून होणारे आजार ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली त्यावर पहिला पद्धतशीर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला ‘तुझा धंदा काय?’ हेही विचारावं असा आग्रह धरला. आजही आपल्याकडच्या बहुतेक केसपेपरवर त्या प्रश्नासाठी रकाना नसतो, असला तर कोरा असतो. कायद्याला मात्र हवेतलं विष दिसायला फार वेळ लागला. मुंबईच्या गिरण्यांमुळे आलेला 1881चा पहिला कारखाना कायदा मुख्यतः मुलांचं वय आणि तास यांच्यापुरता होता. सात वर्षांखालचं मूल कामाला लावू नये एवढंच त्याला म्हणता आलं, आणि तेही शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना उभं केलं ते या तोकड्या कायद्याविरुद्ध. रविवारची सुटी, वेळेवर पगार, दुपारची विश्रांती हे त्यांचे मुद्दे होते. कापसाच्या धुळीने छाती भरते हे गिरणीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण मागणीच्या यादीत ते यायला अजून वेळ होता.

एका रसायनावर थेट बोट ठेवणारा आपल्याकडचा पहिला ठळक कायदा काडेपेटीचा आहे. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवणाऱ्या मजुरांच्या जबड्याचं हाड सडायचं. 1906च्या बर्न करारानंतर अनेक देशांनी तो फॉस्फरस वापरायलाच बंदी केली आणि हिंदुस्थानात 1913 साली तसा कायदा झाला. मला हा छोटासा कायदा फार मोलाचा वाटतो. किती कामगार, कुठली जागा, असल्या चौकशा त्याने केल्या नाहीत. पदार्थच काढून टाकला. पुढची शंभर वर्षं आपण बहुधा उलट्या वाटेने गेलो: पदार्थ राहू द्यायचा आणि माणसाला हातमोजे द्यायचे.

1948चा कारखाने अधिनियम हा या वाटेवरचा मोठा टप्पा. धूळ-धूर बाहेर काढणं, धोकादायक कामांसाठी 87व्या कलमाखाली खास नियम, प्रमाणक शल्यचिकित्सक, अधिसूचित रोगांची यादी, असं बरंच त्यात आलं. पण रसायनांचा विचार खऱ्या अर्थाने घुसला तो 2-3 डिसेंबर 1984च्या भोपाळच्या रात्रीनंतर. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: 1981 मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनने एक कामगार मेला होता. वस्तीपर्यंत वायू पोचण्याच्या तीन वर्षं आधी इशारा मिळालेला होता. तो भिंतीच्या आतला, कामगाराचा मृत्यू असल्यामुळे बाहेर कुणाला तो आपला वाटला नाही.

1987च्या दुरुस्तीने अधिनियमात ‘चार-अ’ हे प्रकरण आलं. त्यातली कलमं प्रत्येक कामगार संघटनेच्या कार्यालयात भिंतीवर असायला हवी होती. 41-ब म्हणत होतं, धोक्याची माहिती मालकाने स्वतःहून उघड करावी. 41-क म्हणत होतं, कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या त्याला पाहायला मिळाव्यात. 41-ग सुरक्षा समितीत कामगारांना बरोबरीची जागा देत होतं, 41-ह जवळ आलेल्या धोक्याचा इशारा देण्याचा हक्क देत होतं. सोबत दुसरी अनुसूची आली, हवेतल्या रसायनांच्या कमाल मर्यादांची: क्लोरीन दहा लाख भागांत एक भाग, अमोनिया पंचवीस, शिसं घनमीटरला 0.15 मिलिग्रॅम, क्रोमेट 0.05. आकडा आला की मोजणं आलं आणि मोजणं आलं की वाद घालता येतो. वकिलाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती.

न्यायालयंही त्याच सुमारास पुढे सरकली. दिल्लीच्या ओलियम गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगाचं दायित्व पूर्ण मानलं, ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव काढून घेतला. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात कामगाराचं आरोग्य हा 21व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला. त्या निकालातला एक बारकावा मला नेहमी सांगावासा वाटतो: वैद्यकीय नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा ती संपल्यापासून पंधरा वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायच्या. विष सावकाश काम करतं हे न्यायालयाने इथे ओळखलं. 2014 मध्ये औष्णिक वीज केंद्रांतल्या कामगारांबाबतचा निकाल आला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या राखेशी ज्यांचा संबंध आला, त्यांनी तो मुद्दाम वाचावा.

या क्षेत्रात विचारांचे काही प्रवाह आहेत आणि पुस्तकातले लेखक वेगवेगळ्या काठांवर उभे आहेत. सर्वांत जुना प्रवाह निरीक्षकाचा: राज्य नियम करील, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी येऊन पाहील, चूक दिसली तर खटला भरील. दुसरा भरपाईचा, 1923च्या कायद्यातून आणि पुढे कामगार विम्यातून आलेला. तो इजा झाल्यावर जागा होतो. तिसरा 1972च्या ब्रिटिश रोबेन्स अहवालातून निघाला. नियमांचे गठ्ठे कमी करा, जोखीम निर्माण करणाऱ्यानेच ती ओळखून आवरावी, हे त्याचं सूत्र. आपल्याकडची स्वयंप्रमाणपत्रं आणि बाहेरच्या संस्थांची लेखापरीक्षणं याच घराण्यातली, फक्त ब्रिटनमध्ये त्या सूत्राला आधार देणारी मजबूत युनियन आणि स्वतंत्र निरीक्षक यंत्रणा आपण आणायला विसरलो. चौथा प्रवाह माहितीच्या हक्काचा आणि पाचवा थेट रसायनालाच धरणारा. युरोपच्या 2007पासूनच्या ‘रीच’ व्यवस्थेत पदार्थ सुरक्षित आहे हे दाखवण्याचा भार तो विकणाऱ्यावर आहे. अलीकडे सहावाही धरावा लागतो, खरेदीदाराच्या कराराचा. निर्यातीच्या बागेत ग्लोबलगॅपच्या तपासनिसाला औषधांची बंद खोली, डोळे धुण्याची सोय, हातमोजे, मास्क दाखवावे लागतात. सरकारी निरीक्षक कधी न आलेल्या शेतात लंडनच्या सुपरमार्केटचा नियम पोचतो. मला यात आनंदही वाटतो आणि लाजही.

आता अंबडकडे. गाड्यांच्या सुट्या भागांवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या छोट्या शेडची कल्पना करा. टाकीत क्रोमिक आम्ल, वीज सोडली की पृष्ठभागावर बुडबुडे येतात, फुटतात आणि त्यांच्यासोबत आम्लाचा अगदी बारीक तुषार वर येतो. नाकात खाज, मग खपली, मग रक्त. दुर्लक्ष झालं तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडतं. ते पडताना दुखतही नाही, म्हणून कळत नाही. बोटांच्या पेरांवर खोल, गोल जखमा होतात. सहा संयोजकतेचं क्रोमियम फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण आहे, हे आता वादातीत आहे. उपायही वादातीत आहे: टाकीच्या कडेला वाफ ओढून नेणारी नळी आणि पंखा, पाणी न मुरणारी फरशी, रबरी एप्रन, हातांची आणि नाकाची नियमित पाहणी. यात अवघड विज्ञान काही नाही. पण शेडमध्ये नोंदीवर सात माणसं असतील तर मूळ अधिनियमाचा दहाचा आकडा भरत नाही. कमी माणसांच्या जागेलाही कायदा लावायची मुभा 85व्या कलमाने राज्य सरकारला दिलेली होती. ती किती वापरली गेली याचा हिशेब पुस्तकातल्या एका लेखात आहे आणि तो सुखावह नाही.

तरी अंबडला निदान भिंत आहे. द्राक्षबागेला तीही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. सुरगाणा, पेठकडून आलेल्या टोळ्या हे काम करतात. प्लॅस्टिकच्या टबात द्रावण, हातात रबरी मोजे, त्यावर स्पंज किंवा फडकं, आणि मांडवावरच्या काडीचा प्रत्येक डोळा चोळत पुढे जायचं. काडी डोक्याच्या उंचीला, हात वर, त्यामुळे थेंब मोज्याच्या आत, कोपरापर्यंत ओघळतात. हे रसायन कातडी भाजतं. शिवाय शरीरात दारू पचवण्याची वाट अडवतं; संध्याकाळी कुणी थोडी जरी घेतली तरी चेहरा लालभडक, छातीत धडधड, ओकाऱ्या, श्वास कोंडणं. मुकादम ‘आज घेऊ नको रे’ एवढं सांगतो आणि बहुतेक ठिकाणी सुरक्षा प्रशिक्षण तेवढंच असतं. युरोपीय संघाने 2008 मध्ये सायनामाइडला मान्यता नाकारली. हाताळणाऱ्याला होणारा धोका हे त्यातलं मुख्य कारण होतं. त्याच युरोपसाठी आपण ते इथे हाताळतो.

कायद्याच्या नजरेत ही बाग काय आहे? कारखाना नाही. मग मळा? 1951च्या मळे कामगार कायद्यात चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलची ही पिकं होती. 2010च्या दुरुस्तीने त्या मळ्यांत कीटकनाशकांपासून संरक्षणाचं वेगळं प्रकरण आलं. आसामच्या चहामळ्यातल्या बाईला जे कलम मिळालं ते ओझरच्या द्राक्षबागेतल्या बाईला मिळालं नाही. कारण वेल चहाची नाही. तिच्या वाट्याला राहतो तो 1968चा कीटकनाशक कायदा, जो मुख्यतः विक्री आणि दर्जा यांचा आहे, आणि सुरुवातीला सांगितलेला तो नियम. त्यातून आणखी एक पेच: ब्लोअरच्या ट्रॅक्टरवर पुष्कळदा बागायतदार स्वतःच बसलेला असतो. स्वतःच्याच शेतात स्वतःला विषबाधा करून घेणारा मालक कामगार कायद्याच्या कुठल्याच व्याख्येत मावत नाही.

2017च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये हेच उघडं पडलं. दाट, उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो माणसं रुग्णालयात गेली आणि एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास दगावली. त्यांत शेतकरी होते तसे रोजाने फवारणारे भूमिहीनही होते. चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांची विक्री तात्पुरती थांबली. राज्याला स्वतःच्या अधिकारात तेवढंच करता येतं, कायमची बंदी केंद्राच्या हातात. पुढे तिथल्या काही कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये बासेलच्या न्यायालयात दावा लावला. सात समुद्रांपलीकडचं न्यायालय गाठणं त्यांना इथल्यापेक्षा सोपं वाटलं असेल का, यावर पुस्तकात मतभेद आहेत. मदतीच्या वेळी सात-बाराचा प्रश्न आलाच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना जंतुनाशकाच्या विषबाधेलाही दोन लाख देते, पण ती शेतकरी कुटुंबासाठी. ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही त्याने फवारा मारताना मरावं, अशी सोय तिच्यात नाही. गंमत म्हणजे 1923च्या भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशकं फवारणारा माणूस स्पष्ट लिहिलेला होता. वकिलांनाही हे बऱ्याचदा ठाऊक नसायचं.

भरपाईची दुसरी गाठ काळाची. त्याच कायद्यात क्रोम, बेंझीन, पारा यांच्या आजारांना व्यवसायजन्य मानायचं तर एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं लागायचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यासमोर कायम कामगार होता. आज अंबडचा हेल्पर ठेकेदारामार्फत येतो, चार महिन्यांनी त्याचं नाव दुसऱ्या ठेकेदाराच्या वहीत जातं, जागा आणि टाकी मात्र तीच. मूळ मालकाला जबाबदार धरणारं 12वं कलम होतं, पण त्यासाठी आधी माणूस तिथे होता हे दाखवावं लागायचं.

हे पुस्तक आत्ता का, याचं उत्तर 21 नोव्हेंबर 2025 या तारखेत आहे. त्या दिवशी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमासह तेरा कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत विलीन झाले. कारखान्याच्या व्याख्येतला आकडा पाहा: 1881 मध्ये शंभर, 1891 मध्ये पन्नास, 1922 मध्ये वीस, 1948 मध्ये विजेवर चालणाऱ्यांसाठी दहा. केंद्रीय कायद्यात तो नेहमी खालीच येत गेला होता. संहितेने तो पुन्हा वीस केला, विजेविना चाळीस. बाजू दुसरीही आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. धोकादायक कामात एक जरी माणूस असला तरी संहिता लागू करण्याची मुभा सरकारला आहे, नेमणूकपत्र सक्तीचं झालं आहे, चाळिशी ओलांडलेल्यांना वर्षाला मोफत तपासणी मिळणार आहे. (क्रोम चाळिशीची वाट पाहत नाही, हा भाग वेगळा.) 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित कामाची जागा हा मूलभूत हक्कांत घातला. पण तिचा रसायनांविषयीचा 1990चा 170 क्रमांकाचा करार भारताने अजून स्वीकारलेला नाही.

या पुस्तकात निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, दवाखाना चालवणारे, बागायतदार, संघटनेत काम करणारे आणि आम्ही दोन-तीन वकील अशांचे लेख आहेत. सगळ्यांचं एकमत व्हावं असा संपादकांचा आग्रह नव्हता. बागायतदाराचा लेख वाचताना मला अस्वस्थ वाटलं. प्रत्येक नवा नियम शेवटी त्याच्याच डोक्यावर येतो, औषध विकणाऱ्याच्या नाही, हा त्याचा राग खोटा नाही. निवृत्त निरीक्षकांना माझं भिंतीचं म्हणणं पटलेलं नाही. माणसं आणि वाहन दिलं असतं तर आहे त्या कायद्यानेही पुष्कळ झालं असतं, असं त्यांनी आकडेवारीनिशी लिहिलं आहे. वाचकाने दोन्ही वाचून ठरवावं. सफाई कामगार, रंगारी, घरी बसून डिंक-सॉल्व्हंटचं काम करणाऱ्या बाया यांच्यावर इथे काही नाही, ही उणीव खरीच आहे.

शेवटच्या भागात नमुने आहेत: संचालनालयाकडे करायची तक्रार, स्वतःच्या आरोग्य नोंदींची मागणी, भरपाईचा अर्ज, विषबाधेनंतर डॉक्टरकडून कोणता कागद मागायचा त्याचा तक्ता. फवारणीत बाधा झाली तर औषधाचा डबा फेकू नये, तो रुग्णासोबत दवाखान्यात न्यावा, कारण उतारा लेबलवरच्या नावावर ठरतो. हजेरीचं कार्ड, गेटपास, ठेकेदाराच्या वहीचा मोबाइलवर काढलेला फोटो, काहीही जपून ठेवावं. नाशिकच्या कामगार न्यायालयात मी पाहिलेले बहुतेक दावे आजार सिद्ध होईना म्हणून पडले नाहीत. माणूस त्या टाकीपाशी उभा होता हेच दाखवता आलं नाही.